हात धुवायला सांगणारा डॉक्टर : इग्नाझ सेमेलवाइस

१५ ऑक्टोबरला आपण शाळेत हात धुवा दिन घेतो. मुलं सगळ्या पायऱ्या घडाघडा म्हणून दाखवतात आणि मधल्या सुट्टीत तशीच डबा उघडून बसतात. कळतं पण वळत नाही, ते का? आरोग्य मानसशास्त्र शिकणाऱ्याला हा प्रश्न पहिल्यापासून भेटतो. मला तो समजला सेमेलवाइस यांच्या चरित्रातून.

त्यांचा जन्म १८१८ साली हंगेरीतल्या बुडा शहरात झाला. १८४६ मध्ये ते व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात प्रसूती विभागात लागले. तिथे दोन वॉर्ड होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपण करायचे, दुसऱ्यात सुईणी. त्या वर्षी डॉक्टरांकडे शंभरातल्या अकरा बाळंतिणी दगावल्या, बहुतेक तापाने. सुईणींकडे तीनही नाही! बायका डॉक्टरांच्या वॉर्डात नको म्हणून हातापाया पडायच्या. काही तर रस्त्यातच बाळंत व्हायच्या.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे मित्र डॉ. कोलेच्का शवविच्छेदनात सुरी लागून वारले. लक्षणं थेट बाळंतिणींसारखी. मग उलगडा झाला. डॉक्टर प्रेतं तपासून त्याच हातांनी बाळंतपणाला यायचे, सुईणी प्रेतांना हात लावत नसत. मे महिन्यात सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये मृत्यू १८ टक्के होते, जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले.

एवढं होऊनही बऱ्याच डॉक्टरांनी ऐकलं नाही. रोगजंतूंची माहिती तेव्हा नव्हती हे खरं, पण आपल्याच हातांनी आया मेल्या हे कबूल करणं सोपं आहे का? सेमेलवाइसही थोडे चुकले असं मला वाटतं. पुस्तक लिहिलं ते थेट १८६१ मध्ये, आणि न ऐकणाऱ्यांना उघड पत्रांतून खुनी ठरवलं. लोक आणखीच हट्टाला पेटले. मीही वर्गात मुलांना घाणेरडे म्हणायचे, त्याने एकाही मुलाचे हात स्वच्छ झाले नाहीत. आता साबण आणि पाण्याची बादली दारातच ठेवते आणि आधी स्वतः धुते.

१८६५ मध्ये मन बिघडलं म्हणून सेमेलवाइस यांना फसवून व्हिएन्नातल्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं. दोनच आठवड्यांत, १३ ऑगस्टला, जखम चिघळून विष रक्तात भिनलं आणि ते गेले. वय अवघं ४७.