मिलेव्हाच्या घरातलं घड्याळ

आइनस्टाइन म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते पिंजारलेले पांढरे केस. मला मात्र त्या नावाबरोबर एक अबोल, किंचित लंगडत चालणारी मुलगी आठवते. मिलेव्हा मारिच, त्याची पहिली बायको. वेळ सगळ्यांसाठी सारखी धावत नाही, हे जगाला ज्या घरातून कळलं, ते घर तिनं सांभाळलेलं होतं.

मिलेव्हाचा जन्म 19 डिसेंबर 1875 चा, आजच्या सर्बियातल्या तितेल गावचा. पाय जन्मापासून अधू, डोकं मात्र तल्लख. झाग्रेबला खास परवानगी काढून ती मुलांच्या वर्गात भौतिकशास्त्र शिकली. 1896 मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाली. तुकडीत ती एकटीच मुलगी. तिथेच तिच्याहून सव्वातीन वर्षांनी लहान असलेला अल्बर्ट भेटला. पुस्तकं एकत्र, अभ्यास एकत्र... पुढचं सांगायला नको!

1900 च्या शेवटच्या परीक्षेत तो पास झाला, ती नापास. 1901 मध्ये ती पुन्हा बसली, तेव्हा तिला दिवस गेले होते आणि लग्न झालेलं नव्हतं. पुन्हा नापास. 1902 च्या जानेवारीत माहेरी तिला मुलगी झाली, लिझेर्ल. त्या लेकीचं पुढे काय झालं, हे आजवर कुणालाही नक्की सांगता आलेलं नाही. ती होती, हेसुद्धा जगाला कळलं ते जुनी पत्रं छापली गेली तेव्हा, 1987 मध्ये! 1903 मध्ये बर्नला दोघांनी लग्न केलं. अल्बर्ट पेटंट कचेरीत, मिलेव्हा घरात. पदवी राहिली ती राहिलीच.

1905 च्या जूनमध्ये, मुलगा हान्स अल्बर्ट जेमतेम वर्षाचा असताना, अल्बर्टचा तो प्रसिद्ध निबंध पुरा झाला. काय होतं त्यात? कठीण आहे म्हणून पान उलटू नका हं, मैत्रिणींनो.

समजा, वेगानं धावणाऱ्या गाडीच्या डब्यात खाली एक आणि छताला एक असे दोन आरसे आहेत. त्यांच्यामध्ये प्रकाशाचा किरण वर-खाली करतोय. एक फेरी म्हणजे घड्याळाची एक टिकटिक. डब्यातल्या बाईला किरण सरळ वर जाताना आणि सरळ खाली येताना दिसेल. फलाटावरच्या बाईला मात्र तो तिरका जाताना दिसेल, कारण तेवढ्यात गाडी पुढे सरकलेली असते. तिरका रस्ता लांबचा. आणि प्रकाशाचा वेग तर दोघींसाठी एकच, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. मग त्याच वेगानं लांबचा रस्ता कापायला वेळ जास्त लागणारच! म्हणून फलाटावरून पाहिलं तर गाडीतलं घड्याळ हळू चालतं. नुसतं घड्याळ नाही, आतल्या बाईची नाडीसुद्धा. तिला स्वतःला काहीच वेगळं जाणवत नाही. उलट तिला फलाटावरचंच घड्याळ हळू वाटतं. खरं कुणाचं? दोघींचंही.

रेल्वेच्या वेगाला हा फरक कळण्याइतका नसतो. पण आपण मोबाइलवर नकाशा लावून नवा पत्ता शोधतो ना, त्यासाठीच्या उपग्रहांतली घड्याळं वेगामुळे दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि उंचावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून 45 मायक्रोसेकंद पुढे जातात. फरक उरतो 38 चा. तेवढ्या वेळात प्रकाश 11 किलोमीटरहून जास्त पळतो. हा हिशोब जुळवला नाही, तर नकाशा आपल्याला भलत्याच गल्लीत नेऊन सोडेल.

मग हा सिद्धान्त मिलेव्हाचाही होता का? काही जण छातीठोकपणे हो म्हणतात. तसा पक्का पुरावा नाही. निबंधावर नाव एकट्या अल्बर्टचं आहे. विद्यार्थिदशेत तो तिच्याशी या विषयांवर बोलायचा, एवढं पत्रांतून दिसतं. पण तिला मोठं ठरवायला असा पुरावा हवाच कशाला, असं मला वाटतं. तिचं जे राहून गेलं, ते तर खरंच आहे ना?

1910 मध्ये धाकटा एडुआर्ड झाला. 1914 मध्ये नवऱ्यामागून ती बर्लिनला गेली आणि काही महिन्यांतच दोन्ही मुलांना घेऊन झुरिकला परतली. 1919 मध्ये घटस्फोट झाला. नोबेल मिळालंच तर ती रक्कम तिला आणि मुलांना, असं ठरलं. 1921 चं नोबेल 1922 मध्ये जाहीर झालं, तेही सापेक्षतेसाठी नव्हे, तर प्रकाशविद्युत परिणामासाठी! त्या पैशातून तिनं झुरिकला घरं घेतली. पुढे एडुआर्डला स्किझोफ्रेनिया झाला. त्याच्या औषधपाण्यात पैसा जात राहिला. अल्बर्ट 1933 मध्ये अमेरिकेला गेला, तो या मुलाला पुन्हा कधीच भेटला नाही. मिलेव्हानं मात्र 4 ऑगस्ट 1948 ला डोळे मिटेपर्यंत त्याची साथ सोडली नाही.

साऱ्या जगाचं मिळून एकच घड्याळ नसतं, प्रत्येकाचं आपापलं असतं, असं तो सिद्धान्त सांगतो. मिलेव्हाच्या घरात मात्र एकाच माणसाच्या घड्याळावर सगळं चाललं. 1901 नंतर तिसऱ्यांदा परीक्षेला बस, बाळाला मी बघतो, असं तिला कुणी म्हणालं असतं तर? तुमच्या शेजारी, नात्यात अशी कुणी असेलच. जूनमध्ये तिला फॉर्म आणून द्या. आणि परीक्षेच्या दिवशी तिची मुलं तुमच्याकडे ठेवून घ्या.