आल्फ्रेड बिने : बुद्ध्यांकाच्या चाचणीमागचा माणूस

जोडीदार शोधण्यासाठी असलेली काही परदेशी संकेतस्थळे नाव नोंदवण्याआधी बुद्धिमत्तेची चाचणी घेतात. ठरावीक गुण मिळाले तर प्रवेश, नाही तर नाही. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या २ टक्के लोकांनाच सदस्यत्व देणाऱ्या ‘मेन्सा’ या संस्थेनेही २०१४ साली अमेरिकेत एका मोठ्या डेटिंग संकेतस्थळाबरोबर आपल्या सदस्यांसाठी अशी सोय सुरू केली होती.

कदाचित तुमच्या घरातील एखाद्या तरुणाने अशी चाचणी दिली असेल आणि कमी गुण आल्यामुळे तो खचला असेल. किंवा तुमच्या हातात तुमच्या लहान मुलाच्या बुद्ध्यांकाचा अहवाल असेल आणि त्यातल्या आकड्यावरून तुमची नजर हटत नसेल. दोन्ही ठिकाणी मनात प्रश्न एकच असतो : हा आकडा माणसाबद्दल नेमके काय सांगतो? पहिली उपयोगी बुद्धिमापन चाचणी ज्याने तयार केली, त्या माणसाची गोष्ट माहीत असेल तर या प्रश्नाचे उत्तर समजणे सोपे जाते.

डॉक्टरचा मुलगा, पण डॉक्टर नाही

आल्फ्रेड बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस या शहरात झाला. वडील डॉक्टर होते, आई चित्रकार होती. आईवडील वेगळे झाल्यावर आईनेच त्यांना वाढवले. पुढे पॅरिसमध्ये शिक्षण घेऊन १८७८ साली त्यांनी कायद्याची पदवी मिळवली, पण वकिली केली नाही. मानसशास्त्र ते ग्रंथालयात बसून, स्वतः वाचून शिकले.

त्यानंतर पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात, प्रख्यात मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांच्या हाताखाली त्यांनी संमोहनावर काम केले. संमोहित रुग्णाच्या एका बाजूची लक्षणे लोहचुंबकाने दुसऱ्या बाजूला नेता येतात, असा दावा त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर केला. बेल्जियममधील देलबफ या संशोधकाने तपासून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. चुंबकाचा काहीच परिणाम होत नव्हता. प्रयोग करणाऱ्याला काय अपेक्षित आहे ते रुग्णाला कळत होते आणि रुग्ण त्याप्रमाणे वागत होता. बिने यांना आपली चूक मान्य करावी लागली.

तपासणाऱ्याच्या मनातली अपेक्षा निकालात उतरू शकते, हा धडा ते पुढे विसरले नाहीत. डोक्याच्या आकारावरून बुद्धी ओळखता येते, असे त्या काळी अनेक जण मानत. बिने यांनी शाळकरी मुलांची डोकी मोजली. हुशार आणि मागे पडणाऱ्या मुलांतला फरक जेमतेम मिलिमीटरचा निघाला, शिवाय मोजताना आपला कल आकड्यांत मिसळतो आहे अशी शंका त्यांना स्वतःबद्दलच आली. त्यांनी तो मार्ग सोडून दिला.

घरातल्या दोन मुली

१८८४ साली बिने यांचे लग्न झाले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांना मादलेन आणि आलिस या दोन मुली झाल्या. दोघींकडे ते बारकाईने पाहत. चालायला शिकताना मादलेन आधार धरून, पुढचा आधार कुठे आहे ते बघून जपून पाऊल टाकत असे. आलिस मात्र कशाचाही विचार न करता खोलीच्या मधोमध डुलत जाई. मोठेपणीही दोघींची विचार करण्याची पद्धत वेगवेगळीच राहिली.

तोंडी प्रचंड गणिते करणाऱ्या दोन व्यक्तींचाही त्यांनी अभ्यास केला. त्यांपैकी इनॉदी लहानपणी मेंढ्या राखत असे आणि त्याचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. त्याला आकडे ऐकून लक्षात राहत, तर दियामांदीला ते डोळ्यांसमोर दिसत. काम एकच, पण डोक्यातली वाट निराळी. अशा निरीक्षणांतून बिने यांचे मत तयार झाले की बुद्धी ही उंचीसारखी एका पट्टीने मोजून संपणारी गोष्ट नाही.

चाचणी कशासाठी तयार झाली?

१८८२ पासून फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. पूर्वी शाळेत न येणारी मुलेही वर्गात आली आणि काही जण मागे पडू लागली. कोणाला वेगळ्या शिकवणीची गरज आहे हे ठरवण्यासाठी १९०४ साली सरकारने एक समिती नेमली. बिने त्या समितीत होते. हे काम शिक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या मर्जीवर सोडले तर खोडकर, अबोल किंवा गरीब मूलही मंद ठरवले जाईल, हा धोका त्यांना दिसत होता.

थिओडोर सिमाँ या तरुण डॉक्टरबरोबर त्यांनी १९०५ साली ३० प्रश्नांची श्रेणी प्रसिद्ध केली. सुरुवातीचे काम अगदी सोपे होते : पेटत्या काडीकडे नजर फिरवणे. मग चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतला फरक ओळखणे, वस्तूंची नावे सांगणे, ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे अशी कामे अवघड होत जात. १९०८ मध्ये हे प्रश्न वयानुसार लावले गेले. साधारण कोणत्या वयाचे मूल काय करू शकते, यावरून मुलाचे ‘मानसिक वय’ काढता येऊ लागले.

मूल मागे आहे असे दिसले, तर पुढे काय? बिने यांच्या मते खरे काम तिथेच सुरू व्हायचे. वाकडे हाड सरळ करण्यासाठी व्यायाम असतो, तसे लक्ष, स्मरण आणि निर्णय यांसाठीही व्यायाम असावेत असे त्यांना वाटे. खास वर्गांसाठी त्यांनी असे व्यायाम सुचवले. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते आणि ती कधीच वाढत नाही, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती.

त्यांच्या मृत्यूनंतर

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, पक्षाघाताने बिने यांचे निधन झाले. बुद्ध्यांक हा शब्द त्यांनी कधी वापरलाच नाही. १९१२ साली जर्मनीतील विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली आणि १९१६ साली अमेरिकेतील लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणून तो आकडा लोकप्रिय केला.

मदतीसाठी बनवलेली चाचणी तिथे माणसे बाजूला काढण्यासाठी वापरली गेली. ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्यांना काही राज्यांत लग्न करायला कायद्याने बंदी होती. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यक्तींच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. तिथे अशी सक्ती ६० हजारांहून अधिक लोकांवर झाली. कोणी कोणाशी संसार करावा हे बुद्धीच्या आकड्यावरून ठरवण्याचा विचार म्हणूनच नवा नाही. आजच्या संकेतस्थळाचा नकार अर्थातच कायद्याच्या सक्तीसारखा नसतो, पण आकडा म्हणजेच माणूस हा गैरसमज दोन्हींकडे आहे.

तुमच्या हातातल्या आकड्याचा अर्थ

आज बुद्ध्यांक काढताना तुमची तुलना तुमच्याच वयाच्या लोकांशी होते. सरासरी १०० धरली जाते आणि सुमारे दोन तृतीयांश लोक ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. वाचताना पुढील गोष्टी लक्षात ठेवा :

• प्रत्येक मापनात काही गुणांचा फरक पडू शकतो. म्हणून ९२ आणि ९६ यांत भेद करू नका.
• कमी झोप, भीती, नैराश्य, ऐकण्याचा किंवा दृष्टीचा दोष, थायरॉइडचा विकार, परकी भाषा यांमुळे गुण कमी येऊ शकतात.
• केवळ ७० पेक्षा कमी आकड्यावरून बौद्धिक अक्षमतेचे निदान होत नाही. जेवण, कपडे, पैसे, लोकांशी वागणे ही रोजची कामे व्यक्ती कशी करते आणि अडचणी लहानपणापासून आहेत का, हेही पाहावे लागते.
• संकेतस्थळावरच्या झटपट चाचणीला वैद्यकीय अर्थ नाही.
• माया, संयम, विनोद, शब्द पाळणे यांपैकी काहीही ही चाचणी मोजत नाही. संसाराला मात्र हेच लागते.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतरित केली. ‘बिने-कामत’ या नावाने ती आजही वापरात आहे, आणि कदाचित तुमच्या मुलाच्या अहवालावर हेच नाव असेल. अहवाल मिळाला की चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना दोन प्रश्न जरूर विचारा : मुलाची बलस्थाने कोणती, आणि आता त्याला कोणती मदत द्यायची? बिने यांनी चाचणी बनवली ती याच दुसऱ्या प्रश्नासाठी.

आणि घरातला तरुण एखाद्या ऑनलाइन चाचणीत नापास झाल्यामुळे उदास असेल, तर त्याची थट्टा करू नका आणि त्याला उपदेशही करू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐका. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, झोप किंवा भूक बिघडली, तर डॉक्टरांना दाखवा. जगणे नकोसे वाटते असे तो बोलला, तर दोन आठवडे थांबू नका. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.