धांवत्या घोड्याचा छायाचित्रकार : एडवर्ड मायब्रिज

घोडा भरधांव धांवत असतां त्याचे चारही पाय एकाच वेळीं जमिनीवरून सुटतात काय? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु मनुष्य हजारों वर्षें घोड्यावर बसत आला, तरी याचें निश्चित उत्तर कोणासही देतां येत नव्हतें. मोठमोठे चित्रकारही धांवता घोडा पुढचे पाय पुढें व मागचे पाय मागें ताणलेला असाच रंगवीत. ही समजूत ज्यानें कॅमेऱ्याच्या साह्यानें खोटी ठरविली, त्या एडवर्ड मायब्रिजचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें असें आहे.

मायब्रिजचा जन्म इंग्लंडांत थेम्स नदीकांठच्या किंग्स्टन गांवीं 9 एप्रिल 1830 रोजीं झाला. तरुणपणीं तो अमेरिकेस गेला व सॅन फ्रॅन्सिस्को शहरीं पुस्तकें विकूं लागला. 1860 सालीं घोडागाडीच्या अपघातांत त्याच्या डोक्यास जबर दुखापत झाली. पुढें त्यानें छायाचित्रणाचा धंदा पत्करला आणि योसेमिटी खोऱ्याच्या चित्रांनीं नांवलौकिक मिळविला.

1872 सालीं कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर लेलंड स्टॅनफर्ड यानें आपल्या ऑक्सिडेंट नांवाच्या घोड्याचें धांवतांना चित्र घेण्याचें काम त्यास सांगितलें. त्या काळीं कांचेवर चित्र उमटण्यास बहुधा कांहीं सेकंद लागत. घोडा तर डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच पुढें निघून जाई. त्यामुळें आरंभीं मनासारखें यश आलें नाहीं. त्यांतच 1874 सालीं कौटुंबिक कलहामुळें क्रोधाच्या आहारीं जाऊन त्यानें एका मनुष्यास गोळी घालून ठार केलें. पुढील वर्षीं ज्यूरीनें त्यास निर्दोषी ठरविलें, तरी या कृत्याचा डाग त्याच्या चरित्रावर राहिलाच.

प्रयोग मात्र त्यानें सोडला नाहीं. जून 1878 मध्यें पालो आल्टो येथें त्यानें दौडीच्या वाटेलगत 12 कॅमेरे 27 इंचांच्या अंतरानें ओळीनें मांडले. घोड्याची आकृति ठळक उठून दिसावी म्हणून समोर पांढरी पार्श्वभूमी उभारली व वाटेवर आडवे दोरे ताणले. घोडी पुढें येई तसतसा एकेक दोरा तुटे आणि त्या त्या कॅमेऱ्याचें झांकण विजेच्या योगानें क्षणार्धांत उघडून मिटे. 19 जून रोजीं सॅली गार्डनर नांवाच्या घोडीचीं अशीं चित्रें घेतलीं. चारही पाय अधांतरीं असतात हें सिद्ध झालें. परंतु ते ताणलेले नसून पोटाखालीं एकत्र आलेले असतात!

1879 सालीं मायब्रिजनें फिरत्या कांचेच्या तबकडीवरील चित्रें पडद्यावर हलतीं दाखविणारें यंत्र तयार केलें. आजच्या चित्रपटाचा तो एक पूर्वजच होय. 1882 सालीं स्टॅनफर्डनें या प्रयोगांवर ग्रंथ काढविला, पण त्याच्या मुखपृष्ठावर मायब्रिजचें नांव नव्हतें. त्यानें कोर्टांत दाद मागितली, ती मिळाली नाहीं. तथापि खचून न जातां पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आश्रयानें त्यानें मनुष्य व प्राणी यांच्या हालचालींचा 781 पत्रांचा प्रचंड संग्रह 1887 सालीं प्रसिद्ध केला. 8 मे 1904 रोजीं किंग्स्टन येथेंच त्याचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, घोडा तर सर्वांच्याच डोळ्यांसमोरून धांवत होता. परंतु नुसत्या पाहण्यावर न विसंबतां ज्यानें चिकाटीनें परीक्षा केली, त्यालाच सत्य गवसलें.