डेल्फ्टचा कापडव्यापारी

जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्यावर १६३० साली शिवछत्रपतींचा जन्म झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी दूर हॉलंड देशातील डेल्फ्ट गावी आंतोन व्हान लेव्हेनहूक जन्मला. बाप टोपल्या विणणारा; मुलगा पुढे कापडाचा व्यापारी झाला. विद्यापीठाचे शिक्षण त्याला लाभले नाही आणि विद्वानांची लॅटिन भाषाही त्याला येत नव्हती.

भिंगे घडविण्याचा मात्र त्याला विलक्षण नाद! धातूच्या दोन पत्र्यांमध्ये तो इवलेसे भिंग बसवी, समोरच्या सुईच्या टोकावर पदार्थ ठेवी, मळसूत्र फिरवून तो मागेपुढे करी आणि यंत्र डोळ्याशी धरून उजेडाकडे पाही. सारे यंत्र बोटभर लांबीचे. त्याला ना नळी, ना बैठक. तरी त्याच्या उरलेल्या यंत्रांपैकी एकातून वस्तू सुमारे २७० पट मोठी दिसते.

रायगडावर महाराजांना राज्याभिषेक झाला त्याच १६७४ साली त्याने एका तळ्याचे हिरवट पाणी तपासले. त्यात जीव वळवळत होते! पुढे मिऱ्याला तिखटपणा कशाने येतो हे शोधताना, मिरे भिजत घातलेल्या पाण्यात त्याला त्याहूनही सूक्ष्म जीव आढळले. १६७६ मध्ये त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. तेथील विद्वानांना ते खरे वाटेना. मोठा बिकट प्रसंग! पाहण्याची रीत उघड करावी तर आयुष्याची युक्ती परक्यांच्या हाती जाते. न करावी तर जग खोटे ठरविते. त्याने युक्ती सांगितली नाही. पण ८ प्रतिष्ठित गृहस्थांना ते जीव दाखवून त्यांच्या साक्षी लंडनला पाठविल्या. अखेर १६७७ मध्ये रॉबर्ट हुक ह्या शास्त्रज्ञाला स्वतःच्या यंत्रातून तेच दृश्य दिसले. १६८० मध्ये सोसायटीने ह्या कापडव्यापाऱ्याला सदस्य करून घेतले.

युक्ती लपविली हा त्याचा दोषच म्हणावा लागेल. १७२३ मध्ये, नव्वदी ओलांडून, तो वारला. त्याची चांदीची २६ यंत्रे सोसायटीला मिळाली. पुढे तीही हरवली.

परग्रहावर धाडावयाचे यंत्रही असेच लहान, हलके आणि शिवाय दणकट असावे लागते. २००८ मध्ये मंगळावर उतरलेल्या अमेरिकेच्या ‘फिनिक्स’ यानातील सूक्ष्मदर्शकाने तेथील धुळीच्या कणांची चित्रे पृथ्वीवर पाठविली. २०१६ मध्ये जीवसृष्टीच्या खुणा शोधणाऱ्या मोहिमेतील ‘शियापारेल्ली’ हे युरोपचे यान मंगळावर उतरू लागले, तेव्हा त्याचा क्षीण संदेश जुन्नर तालुक्यातील खोडद येथील रेडिओ दुर्बिणीने टिपला. यान जमिनीला लागण्याच्या थोडे आधी तो थांबला.