देवळालीचे कापरेकर गुरुजी

आपल्या इगतपुरीहून नाशिककडे जाताना देवळाली स्टेशन लागते. तिथल्या शाळेत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शिक्षक होते. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. ६१७४ ही त्यांची संख्या तर जगभर माहीत आहे.

पण मला त्यांच्या स्वयंभू संख्या जास्त आवडतात. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिचेच अंक मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणजे २१ ही २४ ची आई झाली. पण २० ला आईच नाही! मी वहीत १ ते १९ सगळ्या करून पाहिल्या, २० काही येईना. अशी ती स्वयंभू. आता गंमत बघा. २० नंतर ३१, मग ४२, ५३, दरवेळी ११ चे अंतर. १०८ पर्यंत असेच चालते, अन् पुढची एकदम ११०. अंतर फक्त २!

तेव्हा पुष्कळ गणितज्ञांना हा पोरखेळ वाटे. गुरुजींकडे मोठी पदवी नव्हती. तरी त्यांनी नाद सोडला नाही, पुस्तकेसुद्धा स्वतःच छापली. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लेख लिहिला, तेव्हा कुठे जगात नाव झाले. गुरुजी तोवर सत्तर वर्षांचे झाले होते.

१९८६ साली ते वारले. त्यातली ८६ घ्या अन् तिची आई सापडते का बघा.