गुत्त्याच्या दारातून देवाच्या दारी



दारूने मोडलेले घर आपणापैकी कुणी पाहिले नाही? अशा घरातली आई किंवा पत्नी मिस्सा संपल्यावर मेणबत्ती लावून एकटीच उभी दिसते, तेव्हा आम्हाला डब्लिनच्या मॅट टॅलबटची हटकून आठवण येते. तो धर्मगुरू नव्हता, विद्वान तर मुळीच नव्हता. साधा हमाल होता.

मॅटचा जन्म २ मे १८५६ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरात एका गरीब, मोठ्या कुटुंबात झाला. वडील पिणारे, भाऊही बहुतेक पिणारे. शाळा जेमतेम वर्षभराची. वयाच्या बाराव्या वर्षी तो एका दारूच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तिथेच बाटलीची चव लागली. पुढे गोदीतल्या व्हिस्कीच्या कोठारात काम मिळाले, म्हणजे आगीतून फुफाट्यात! सोळा वर्षे तो प्यायला. आठवड्याचा पगार गुत्त्यात जाई. पैसे संपले की अंगावरचा कोट, पायातले बूट गहाण पडत. एकदा तर त्याने आणि सोबत्यांनी रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरणाऱ्या एका गरिबाचे वाद्यच चोरले आणि विकून दारू ढोसली. त्या काळात तो दुःखी दिसत होता असे मात्र नाही. मित्रांना पाजण्यात दिलदार, हसतमुख गडी होता. ती मजा सकाळपर्यंत टिकत नसे, एवढेच.

१८८४ मधला एक शनिवार. मॅट २८ वर्षांचा. आठवडाभर काम नव्हते, खिसा रिकामा. पगार घेऊन येणारे मित्र पाजतील ह्या आशेने तो गुत्त्याजवळ रस्त्यात उभा राहिला. ज्यांना त्याने अनेकदा पाजले होते ते एकामागून एक समोरून गेले. कुणी थांबले नाही. ती गोष्ट त्याच्या जिव्हारी लागली. तो घरी परतला. मुलगा एवढ्या लवकर आणि शुद्धीत घरी आलेला पाहून आईलाच नवल वाटले. जेवण झाल्यावर दारू सोडण्याची प्रतिज्ञा घ्यायला जातो, असे तो म्हणाला. पाळायची नसेल तर घेऊ नकोस, असे तिने बजावले. आईच ती, तिला अनुभव होता.

क्लॉनलिफच्या सेमिनरीत जाऊन त्याने पापनिवेदन केले आणि तीन महिन्यांसाठी प्रतिज्ञा घेतली. फक्त तीन महिने! दुसऱ्या दिवशी पहाटे मिस्साला जाऊन त्याने कम्युनियन स्वीकारले. पुढे मुदत सहा महिन्यांची झाली आणि मग जन्माची.

ते तीन महिने सोपे गेले असे कुणी समजू नये. संध्याकाळी काम सुटले की पाय गुत्त्याकडे ओढत, म्हणून तो दूरच्या चर्चमध्ये चालत जाई आणि परमपवित्र साक्रामेंतापुढे बसून राही. एकदा तर तो गुत्त्यात शिरलाही. गर्दीत दारू देणाऱ्याचे त्याच्याकडे लक्ष गेले नाही, म्हणून चिडून बाहेर पडला आणि थेट चर्चमध्ये गेला. त्या दिवसापासून त्याने खिशात पैसे ठेवणे सोडले. आम्हाला हे फार शहाणपणाचे वाटते. आपली कमजोरी ओळखून त्याने तिची वाटच बंद केली.

उधारी त्याने एकेका गुत्तेवाल्याला नेऊन फेडली. त्या फिडलवाल्याला मात्र वर्षानुवर्षे शोधूनही तो सापडला नाही. शेवटी त्या पैशांतून मॅटने त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करविल्या.

पुढची ४१ वर्षे त्याने थेंबाला स्पर्श केला नाही. रोज पहाटे मिस्सा, मग लाकडाच्या वखारीत दिवसभर काम. १८९० साली तो फ्रान्सिस्कन तृतीय संघात सामील झाला. जेमतेम वाचता येणारा हा मजूर संत ऑगस्टीनचे आत्मनिवेदन हळूहळू वाचत बसे. मजुरीतले थोडे स्वतःपुरते ठेवी, बाकी शेजारचे गरीब आणि दूरची मिशनकार्ये ह्यांना देई. १९१३ च्या मोठ्या टाळेबंदीत संघटनेकडून मिळालेली मदतही त्याने मुलेबाळे असलेल्या सोबत्यांना दिली. सोबती सांगत की तो कशावरही हसे, फक्त अचकट विनोदावर हसत नसे.

७ जून १९२५, पवित्र त्रैक्याचा रविवार. मिस्साला जाताना ग्रॅनबी लेनमध्ये तो कोसळला आणि तिथेच मरण पावला. मृतदेह कुणाचा हेही आधी कळेना. रुग्णालयात कपडे काढल्यावर अंगावर साखळ्या आढळल्या. मरियेचा दास म्हणून त्या घालण्याची प्रथा संत लुई द माँफोर्टच्या भक्तीतून आलेली आहे. साखळ्यांचीच चर्चा जास्त होते, पण त्या आपणही घालाव्यात असे आम्ही कुणाला सुचवणार नाही. १९७५ साली पोप पॉल सहावे ह्यांनी मॅटला पूज्य म्हणून घोषित केले. अद्याप तो संत घोषित झालेला नाही.

आम्हाला सर्वांत जास्त आठवते ती त्याची आई, एलिझाबेथ. वडील वारल्यावर ती मॅटकडेच राहायला आली आणि १९१५ साली तिथेच वारली. तो फळीवर झोपे, उशाला लाकडाचा ठोकळा घेई आणि पहाटेच्या आधीच उठे. म्हाताऱ्या आईला मध्यरात्री जाग येई, तेव्हा मुलगा अंधारात गुडघ्यांवर प्रार्थना करताना दिसे. पूर्वी ह्याच वेळेस ती त्याच्या पावलांचा कानोसा घेत जागी असे.