तिशीत शिकलेली मराठी : फादर थॉमस स्टीफन्स

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. वडील व्यापारी होते. इंग्लंडमध्ये कॅथलिकांना वाईट दिवस आले, तेव्हा स्टीफन्स रोमला जाऊन जेजुइट संघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये त्यांनी लिस्बन सोडले आणि ऑक्टोबरात ते गोव्यात उतरले. वय सुमारे तीस. आपल्याकडची एकही भाषा त्यांना येत नव्हती.

पुढची चाळीस वर्षे त्यांनी बहुतेक सासष्टीत काढली. तिथे लोक बोलत कोंकणी आणि पोथ्या वाचत मराठी. स्टीफन्स दोन्ही शिकले. मोठ्या वयात उच्चार लहान मुलासारखा बसत नाही, हे खरे. पण मोठा माणूस नियम शोधत शिकतो, तेच त्यांनी केले. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले. हेच विल्यम जोन्स यांनी मांडले, ते दोनशे वर्षांनी. स्टीफन्स यांनी रचलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, राशोलला छापले गेले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून ते ओळखले जाते.

त्यांचे मोठे काम म्हणजे ‘क्रिस्तपुराण’. १६१६ मध्ये ते राशोलला रोमन लिपीत छापले, तेव्हा स्टीफन्स सदुसष्टीच्या घरात होते. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि घाट आपल्या पोथ्यांचाच! नाथमहाराज त्यांचे समकालीन होते, हे वाचताना लक्षात येते. ओवी अशी हातात येण्यासाठी नुसते व्याकरण पुरत नाही; त्यासाठी पोथी ऐकत बसावे लागते.

या कौतुकाला दुसरी बाजू आहे आणि ती पेडणे-डिचोलीकरांना सांगायला नको. स्टीफन्स येण्याआधीच सासष्टीतली देवळे पाडली गेली होती, पोथ्यांवर बंदी आली होती. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला आला, तो त्याच काळात. आपले महाल तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हते. ते गेले अठराव्या शतकाच्या अखेरीस. ज्यांच्या पोथ्या गेल्या, त्या नवख्रिस्ती लोकांसाठी स्टीफन्स यांनी हे पुराण रचले. ते मराठीचे की कोंकणीचे, हा वाद आपल्याकडे अजून रंगतो. ते स्वतः दोन्ही भाषांत राबले.

१६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे निधन झाले. इंग्लंडला ते परत गेले नाहीत. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. क्रिस्तपुराणाच्या त्या जुन्या छापील प्रती आज कुठे सापडत नाहीत. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींवर. त्यांतली एक देवनागरीतली असून ती लंडनला आहे.